हिमाचें भाकीत

वसंत ऋतु म्हटला, कीं आपल्या मनापुढें आंब्याचा मोहोर, कोकिळेचा स्वर, दारची गुढी आणि कडुलिंबाचीं कोंवळीं पानें हींच उभीं राहतात. माघ-फाल्गुन शिशिर आणि चैत्र-वैशाख वसंत, ही वांटणी आपण लहानपणींच पाठ केलेली असते. परंतु ती ज्या भूमींत ठरली त्या भूमीपुरतीच खरी, ही गोष्ट सहसा ध्यानांत राहत नाहीं. पृथ्वीवर असेही प्रदेश आहेत, कीं जेथें फाल्गुन-चैत्र हे फुलांचे नव्हेत, तर हिमाचे महिने होत. आणि ज्या हिमामुळें लोक घरांत कोंडले जातात, त्याच हिमाकडे ते वर्षभराच्या पाण्यासाठीं डोळे लावून बसलेले असतात. अशा एका प्रदेशांत २०२४ सालीं फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत राहण्याचा योग मला आला. माझे चिरंजीव अमेरिकेंत नेवाडा राज्यांतील रीनो या शहरीं नोकरीस आहेत. सेवानिवृत्त शिक्षकापाशीं वेळ भरपूर असतो. तेव्हां तेथें जें पाहिलें व वाचलें, त्यांतील थोडें येथें सांगतों.

रीनोच्या पश्चिमेस सिएरा नेवाडा नांवाची पर्वतरांग आहे. स्पॅनिश भाषेंत या नांवाचा अर्थच ‘हिमाच्छादित पर्वतरांग’ असा होतो. या पर्वतांत एक प्रचंड द्रोण आहे आणि त्या द्रोणाच्या तळाशीं टाहो सरोवर पसरलें आहे. सरोवराचें पाणीच समुद्रसपाटीपासून सुमारें ६,२२५ फूट उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही आठशें फूट वर. लांबी २२ मैल, रुंदी १२ मैल आणि खोली १,६४५ फूट. साठांहून अधिक ओढे चोहोंकडून त्यांत येऊन मिळतात. बाहेर मात्र एकच नदी पडते. तिचें नांव ट्रकी. ती रीनो शहरांतून वाहत जाते व सुमारें १२० मैलांचा प्रवास करून पिरॅमिड नांवाच्या दुसऱ्या एका सरोवरांत संपते. समुद्राचें दर्शन या पाण्यास कधींच घडत नाहीं.

महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्या पावसांत जो भेद, तोच पर्वताचा माथा आणि रीनो यांच्यांत. माथ्यावरील डॉनर खिंडींत वर्षाकांठीं सरासरी ३० फूट हिम पडतें. रीनोच्या वांट्यास मात्र वर्षभरांत सारा मिळून सात-साडेसात इंच पाऊस. उन्हाळ्यांत तर पाऊस जवळजवळ नाहींच. तेव्हां पिण्याचें पाणी काय, शेतीचें काय, आदल्या हिवाळ्यांत डोंगरावर सांठलेल्या हिमांतूनच यावयाचें. आपला पाऊस रोखीनें येतो. त्यांचा ठेवीच्या रूपानें येतो, एवढाच फरक.

येथें शब्दांचीही एक अडचण आहे. संस्कृतांत हिम, तुहिन, तुषार, प्रालेय असे कितीतरी शब्द. मराठींत मात्र गोळेवाल्याच्या गाडीवरचा तोही बर्फ आणि आकाशांतून कापसासारखा उतरणारा तोही बर्फच. जें घरीं नाहीं, त्यास शब्द तरी कोठून असणार? म्हणून या लेखांत आकाशांतून पडणाऱ्यास मी ‘हिम’ म्हणतों.

आतां या ठेवीची मोजदाद कशी करावयाची? जमिनीवर हिम किती फूट आहे हें काठी खुपसून कळतें, पण पाणी किती आहे हें त्यावरून कळत नाहीं. ताजें, भुरभुरीत हिम दहा-बारा इंच असलें तर त्याचें पाणी एखादाच इंच होतें. तेंच दबून, भिजून, जुनें झालें म्हणजे तितक्याच जाडींतून चार-पांच इंच पाणी निघतें. हा प्रश्न सोडविणारा गृहस्थ ना इंजिनिअर होता, ना पदार्थविज्ञानाचा पंडित. तो लॅटिन भाषेचा शिक्षक होता, हें वाचून मला कोण आनंद झाला म्हणून सांगूं! जेम्स एडवर्ड चर्च हे १८९२ सालीं रीनोच्या विद्यापीठांत लॅटिन शिकविण्यास आले. सरोवराच्या ईशान्येस माउंट रोझ नांवाचें १०,७७६ फूट उंचीचें शिखर आहे. १८९५ सालीं भर हिवाळ्यांत ते त्यावर चढून गेले, आणि त्या दिवसापासून त्या शिखरानें त्यांस सोडलें नाहीं. पुढें दहा-अकरा वर्षांनीं त्यांनीं तेथें एक लहानशी वेधशाळा उभारली. आठवडाभर वर्गांत प्राचीन काव्य शिकवावें आणि सवड मिळेल तेव्हां हिम तुडवीत शिखरावर जाऊन नोंदी आणाव्या, असा त्यांचा क्रम असे.

त्यांनीं केलेलें साधन इतकें साधें आहे, कीं चौथीच्या मुलासही समजावें. एक पोकळ नळी, तिच्या टोकास करवतीसारखे दांते. ती हिमांत थेट जमिनीपर्यंत फिरवीत न्यावयाची, आंत सांपडलेल्या हिमासकट वर काढावयाची आणि तराजूस अडकवावयाची. नळीचा व्यास सुमारें दीड इंच असा हिशेबानें ठरविलेला, कीं आंतील हिमाचें वजन जितके औंस भरेल, तितके इंच पाणी त्या जागीं आहे असें समजावें. गुणाकार नाहीं, भागाकार नाहीं. थंडीनें बोटें बधिर झालेल्या माणसास हिशेब करावयास लावूं नये, ही त्यांतील माणुसकी मला फार आवडली.

ह्या नळीचा उपयोग लवकरच एका भांडणांत झाला. सरोवराच्या मुखाशीं धरण आहे. त्यानें वरच्या सुमारें सहा फूट पाण्याचें नियमन होतें. पाणी फार अडविलें, तर वसंतांत हिम वितळल्यावर कांठच्या लोकांचे धक्के व अंगणें बुडतात. फार सोडलें, तर खालच्या शेतकऱ्यांस व विजेच्या कारखान्यांस उन्हाळ्यांत पाणी उरत नाहीं. दोन्ही पक्ष अंदाजानें भांडत. चर्च यांनीं सांगितलें, कीं आधीं हिम मोजा. एप्रिलच्या पहिल्या तारखेच्या सुमारास हिमाचा सांठा कळसास पोंचतो. त्या दिवशीं तो सरासरीच्या शेंकडा किती भरतो तें पाहा, म्हणजे सरोवर किती चढेल तें आधीं सांगतां येईल. आपण शाळेंत शिकविलेलें त्रैराशिकच हें! १९११ च्या सुमारास हें गणित कसास उतरलें, आणि पुढें तीच पद्धत पश्चिम अमेरिकेंत सर्वत्र पसरली. आजही कॅलिफोर्नियांत एप्रिलच्या आरंभीं ही मोजणी वर्तमानपत्रवाल्यांसमक्ष होते. सरोवराच्या दक्षिणेस, पर्वताच्या धारेलगत पलीकडे फिलिप्स नांवाचें ठिकाण आहे. २०१५ सालीं पहिल्या एप्रिलला तेथें नळी खुपसावयास हिमच नव्हतें. राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन कोरड्या गवतावर उभे राहिले व शहरांच्या पाण्यांत चतुर्थांश कपात त्यांनीं जाहीर केली. त्याच जागीं २०२३ सालीं १२६ इंचांवर हिम आणि ५४ इंच पाणी निघालें. मी तेथें होतों त्या २०२४ सालीं ६४ इंच हिमांत साडेसत्तावीस इंच पाणी भरलें, म्हणजे सरासरीहून किंचित् अधिक.

हल्लीं माणसानें नळी घेऊन सर्वत्र जाण्याची गरज राहिली नाहीं. ठिकठिकाणीं न गोठणाऱ्या द्रवानें भरलेल्या मोठ्या उशा जमिनीवर पसरलेल्या आहेत; वर पडलेल्या हिमाचें वजन त्या आपोआप नोंदवितात. पूर्वी ह्या नोंदी पाठविण्याची युक्ति मोठी मनोहर होती. वातावरणांत रात्रंदिवस बारीक उल्का जळत असतात. त्यांच्या मागें क्षणभर जी रेषा उरते, तिच्यावरून बिनतारी संदेश परतवून शेंकडों मैल दूर पोंचवीत. आतां उपग्रह व दूरध्वनि हीं कामें करतात.

हें झालें सांठलेल्या हिमाचें. उद्यां पडणाऱ्या हिमाचें भाकीत मात्र वेगळें आणि अवघड. वसंताच्या आरंभीं पॅसिफिक महासागरावरून बाष्पानें भरलेले वारे येतात, आणि गोठणबिंदूची रेषा डोंगरावर कोठें बसेल यावर सर्व अवलंबून असतें. ती रेषा हजार फूट खालीं आली तर गांवांत हिम. हजार फूट वर गेली तर डोंगरावर पाऊस, आणि सांठलेल्या हिमावर ऊन पाऊस पडला म्हणजे पूर. १९९७ च्या जानेवारींत असाच पूर येऊन रीनोचा मध्यभाग पाण्याखालीं गेला होता.

त्या वर्षीं फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यांत हें भाकीत आमच्या घरांतच येऊन बसलें. माझे धाकटे बंधु डॉनर खिंडीपलीकडे सॅक्रामेंटो येथें असतात. त्यांच्या मुलीचा साखरपुडा शनिवारीं, २ मार्चला ठरला होता, आणि शुक्रवारीं संध्याकाळीं आम्हीं सर्वांनीं मिळून निघावें असा बेत होता. मंगळवारीं वेधशाळेनें कळविलें, कीं गुरुवारपासून रविवारपर्यंत हिमवादळ होणार, घाटांत कित्येक फूट हिम पडणार, त्या काळांत कोणींही खिंड ओलांडूं नये. बाहेर पाहावें तों स्वच्छ ऊन पडलेलें! सूनबाई इस्पितळांत परिचारिका आहेत. गुरुवार-शुक्रवार त्यांस सुटणें शक्य नव्हतें. म्हणजे बुधवारींच निघावयाचें, तर त्यांस व नातवास मागें ठेवावें लागणार. त्या पुतणीवर सूनबाईंचें बहिणीसारखें प्रेम. तिच्यासाठीं पैठणी त्यांनींच पसंत करून आणलेली.

रात्रीं जेवणें झाल्यावर चिरंजीवांनीं मला विचारलें, “अण्णा, तुम्ही सांगाल तसें करूं.” मी कांहीं बोलण्यापूर्वींच सूनबाई म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही तिघें उद्यांच निघा. मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनीं तेथें असलेंच पाहिजे. माझें काय, मी फोनवर पाहीन.” पैठणी त्यांनीं स्वतःच सौ.च्या पेटींत नीट ठेवून दिली. नातू मात्र रुसून निजावयास गेला.

बुधवारीं दुपारीं आम्ही कोरड्या रस्त्यानें खिंड ओलांडली. शुक्रवारीं तो राजमार्ग बंद झाला आणि शनिवार-रविवार बंदच राहिला. साखरपुड्याच्या दिवशीं एका पाहुणेबाईंनीं सौ.ला विचारलें, “हवेच्या भाकितावर भिस्त ठेवून सुनेला मागें ठेवून आलांत होय?” त्यांस खिंडीची हकीकत अद्याप कळली नव्हती. कळल्यावर त्या म्हणाल्या, “मग बरेंच केलेंत!”

ह्या दोन्ही उद्गारांचा मी पुष्कळ विचार केला. वादळ आलें म्हणून आमचें करणें बरोबर ठरलें, असें मला वाटत नाहीं. तें आलें नसतें, ऊन पडलें असतें, तरीही सूनबाईंचा निर्णय तितकाच शहाणपणाचा होता. कारण निर्णयाचा दिवस मंगळवार होता, शनिवार नव्हे, आणि मंगळवारीं जेवढें ठाऊक होतें तेवढ्यावरच माणसानें वागावयाचें असतें. भाकिताचा मान राखावयाचा तर कोणास तरी कांहीं सोडावें लागतें, आणि घरांत तें सोडणारा माणूस बहुधा न बोलतां सोडतो. कुटुंबांतील वडिलांनीं निदान एवढें तरी पाहावें, कीं अशा त्यागाचें मोल पुढें ऊन पडलें कीं वादळ झालें यावरून ठरूं नये.

आणि कोणत्या भाकिताचा मान राखावा? आपल्या पंचांगांत ग्रहण दिलेल्या वेळीं लागतें, कारण त्यामागें शेंकडों वर्षांचे वेध आहेत; त्याच पंचांगांतील पर्जन्यफलाकडे आपण कौतुकानें पाहतों, पण त्यावर पेरणी करीत नाहीं. ज्यामागें मोजणी आहे, त्याचा मान मोजणीच्या प्रमाणांत. आपल्या देशाच्या पर्जन्यभाकिताचा उगमही हिमांतच आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हवामानखात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं १८८४ सालीं दाखविलें, कीं हिमालयांत वसंतापर्यंत हिम फार पडलें तर पुढील पावसाळा उणा जाण्याचा संभव असतो. आणि १८८६ पासून त्यावरून सरकारी भाकितें सुरू झालीं. पुण्यांत आपण ज्यास अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतों, तें त्याच खात्याचें १९२८ सालीं शिमल्याहून आलेलें बिऱ्हाड. चर्च हेही पंचाहत्तरी ओलांडल्यावर हिमालयांतील हिममोजणीच्या कामीं आपल्या देशांत येऊन गेले.

हवा दिवसेंदिवस उष्ण होत असल्यानें आतां त्या पर्वतांवर हिमाच्या जागीं पाऊस अधिक पडूं लागला आहे, व जुन्या सरासरीवर बसविलेलें त्रैराशिक तेथील विद्वानांस पुनःपुन्हां तपासावें लागत आहे. तरीही दर वसंतांत कोणी तरी नळी खांद्यावर टाकून जातो, हिम तोलतो आणि जेवढें भरलें तेवढेंच सांगतो. त्याच्या बोलण्यावर सरोवराचे दरवाजे उघडतात व मिटतात, शेतकरी पेरा ठरवितात. आपल्याकडे मृगाच्या आधीं वेधशाळेचें भाकीत येतें, तेव्हां तें हंसण्यावारीं न नेतां त्यामागें कोणी काय मोजलें आहे, एवढें घरांतील मुलांस अवश्य विचारावयास शिकवावें.