शेवटची रांग

सोलापुरात सात रस्ते जिथे एकत्र येतात, त्या जागेला ‘सात रस्ता’ म्हणतात. रस्ते सात, पण नाव एकवचनी. व्याकरणाच्या मास्तरांना हे खटकत असेल. मला मात्र या नावात गावाचा स्वभाव दिसतो. कोणी विजापूरकडून येतो, कोणी होटगीकडून, कोणी स्टेशनावरून. क्षणभर सारे एकाच वळणावर भेटतात आणि पुन्हा आपापल्या दिशेला लागतात. गावातली माणसेही अशीच. एका घरी मराठी, शेजारी कन्नड, पलीकडे तेलुगू आणि त्याच्याही पलीकडे उर्दू. बाजारात भाव करताना या चारी भाषा एकमेकींच्या अंगणात खुशाल शिरतात. भाव ठरला, की ज्याची त्याची भाषा ज्याच्या त्याच्या घरी जाते. मग ही सारी माणसे एका छपराखाली दोन-तीन तास गुण्यागोविंदाने बसतात, ती कशासाठी? हा प्रश्न मनात आला, की माझी पावले सात रस्त्यावरून आपोआप रंगभवनाच्या चौकाकडे वळतात.

चौकांना पुढाऱ्यांची नावे देण्याची आपल्याकडे रीत आहे. एखाद्या चौकाने रंगभवनाचे नाव मिरवावे, हे मला मोठे सुसंस्कृतपणाचे वाटत आले आहे. तिथून पुढे पार्काच्या बाजूला गेले, की हुतात्मा स्मृती मंदिर लागते. १९३० च्या मार्शल लॉने सोलापूर होरपळले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांचे पुतळे गावात आहेत. येता-जाता त्यांना नमस्कार घडतो. पण गावाने आपल्या नाट्यगृहालाही त्यांचे नाव दिले, हे मला अधिक आवडते. पुतळ्यापुढे माणूस हात जोडून निघून जातो. नाट्यगृहात त्याला बसावे लागते, आणि तेही परक्याच्या शेजारी.

गाण्याला जागा किती लागते? माजघर पुरते, असे जुने शौकीन सांगतील. वीस माणसे, दोन तंबोरे आणि पानाचे तबक. अशा मैफलीत गाणे फार जवळून भेटते, यात शंका नाही. पण त्या विसांत शिरायला यजमानाची ओळख लागते. दुसऱ्या टोकाला मैदान. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा भरतो, तेव्हा सारे गाव लोटते. तिथे कोणाची ओळख लागत नाही. पण पाळणे, पिपाण्या आणि हरवलेल्या पोरांची हाकाटी यांत ऐकणे कुठल्या कुठे जाते. या दोहोंच्या मध्ये पाच-सातशे खुर्च्यांचे सभागृह उभे असते. तिकीट काढा आणि आत या. गवयाची बिदागी, साथीदारांचे पैसे, रेल्वेचे भाडे, सभागृहाचे भाडे, सारे त्या खुर्च्यांनीच मिळून उचलायचे. तिथला यजमान कोण? शेवटच्या रांगेचे स्वस्त तिकीट काढणारासुद्धा! मैदानावरच्या कार्यक्रमाला देणगीदार शोधावा लागतो, आणि देणगीदार आला की त्याचे भाषणही येते.

आवाजाच्या शास्त्रालाही हा मधला आकार मानवतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. तीस मीटर लांबीच्या सभागृहात तो शेवटच्या रांगेला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच पोचतो. तबलजीचा हात पडलेला दिसतो तेव्हाच सम ऐकू येते, आणि पहिल्या व शेवटच्या रांगेतल्या माना बरोबरच हलतात. मैदानात १७० मीटर दूर उभे राहा. तोच ठोका डोळ्यांना आधी आणि कानांना अर्ध्या सेकंदाने मिळेल. अर्धा सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण लयीच्या दरबारात अर्धा सेकंद उशिरा येणाऱ्याला जागा नसते.

१८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेले कोणाला नीट समजेना. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवण्यात आले. त्याने रात्री-अपरात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या गाद्या वाहून आणल्या, त्या मांडून ऑर्गनच्या नळीचा सूर सोडला आणि तो विरायला किती वेळ लागतो हे मोजले. गाद्या आवाज गिळतात, तशी माणसेही गिळतात, हे त्याच्या हिशेबात आले. मला ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण वाटते. रिकामे सभागृह हे अर्धवट लावलेले वाद्य आहे. माणसे येऊन बसली, की ते सुरात येते. गायक गातो खरा, पण त्याचा आवाज कसा ऐकू येणार हे थोडेफार तुमच्या-माझ्या अंगावरच्या सदऱ्यांनीही ठरते!

आमच्या आळीत एक मामा होते. आळीचेच मामा म्हणायचे. गिरणीत साच्यावर त्यांची तीस वर्षे गेली होती. साचेखात्यातला तो अखंड खडखडाट ज्याने ऐकला आहे, त्याला सांगायला नको की तिथून निवृत्त होणारा माणूस प्रॉव्हिडंट फंडाबरोबर थोडा बहिरेपणाही घरी आणतो. मामांशी बोलायचे तर ओरडून बोलावे लागे. तरी कुठे गाणे आहे असे कळले, की ते धुतलेले धोतर नेसून निघत आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसत. मी एकदा त्यांना म्हटले, “मामा, तुम्हाला ऐकू येत नाही, मग पुढे तरी बसा.”

ते हसले. “सूर थोडा निसटतोय बघ. पर लय कळतीय की! तीस वर्सं साच्याजवळ हुबा राहिलोय. धोटा कुठं चुकला ते पायाला कळत हुतं.”

त्यांचा डावा पाय चपलेतून बाहेर येऊन जमिनीवर टेकलेला असे. विलंबितात समेच्या आधी तो अंगठा किंचित उचलला जाई आणि समेवर अचूक खाली येई. मी शास्त्रीय संगीतावरची पुस्तके पुढे वाचली, त्यांचा उपयोगही झाला. पण सम म्हणजे वाट पाहणे असते, हे मला त्या अंगठ्याने शिकवले. मामांना कोणत्याही माजघरातल्या मैफलीचे आमंत्रण आले नसते, आणि मैदानातल्या कर्ण्यांपुढे त्यांचे कान आणखीच हरले असते. त्यांच्यासारख्या माणसाला श्रोता होता येईल अशी जागा गावात एकच होती, आणि ती मधल्या आकाराची होती.

सोलापूरची जागाही मोठी भाग्याची. दक्षिणेला होटगी, आणि होटगीहून विजापूरवरून गदगला जाणारी रेल्वे. गदग, हुबळी, धारवाड ही गावे म्हणजे किराण्याचे आणि जयपूरचे सूर जिथे रुजले ती जमीन. भीमसेन जोशी १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, ते आधी विजापुरात आले. पश्चिमेला पुणे, जिथे त्यांनी १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सव चालवला. या दोन टोकांच्या मध्ये आपले गाव. शाहीर राम जोशी इथलेच. फय्याजही सोलापूरच्याच. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’मधली झरीना त्यांनी रंगभूमीवर उभी केली. मराठी नाट्यसंगीताच्या त्या झरीनाचे माहेर चार भाषांच्या या गावात असावे, याचे मला नवल वाटत नाही. गाणारे असे कुठूनही उगवतात. देवाची देणगी म्हणून मोकळे होता येते. ऐकणारे मात्र गावाला घडवावे लागतात.

आज गाणे दुर्मिळ राहिलेले नाही. सात रस्त्यावर बसची वाट पाहणाऱ्या पोराच्या खिशातल्या मोबाइलमध्ये अब्दुल करीम खाँसाहेबही आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. मामा असते तर त्यांनी आवाज मोठा करून घेतला असता. पण त्या पोराच्या कानात जे चालले आहे ते शेजारच्याला ठाऊक नसते, आणि सम आली तरी दुसरी मान हलत नाही. आणि सभागृहे? गावोगावी ती सत्कार, संमेलने आणि बक्षीस समारंभ यांनी भरलेली दिसतात. भाडे चोख मिळते. समारंभाला माणसे येतात ती दिसण्यासाठी. अंधारात गप्प बसून ऐकण्याची सवय त्यातून लागत नाही. ही सवय मोडली, की नव्याने लावायला एक पिढी जाते. गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर ज्या गावाने आपली वेळ हरवली, त्याने लयही हरवावी, हे मला पाहवणार नाही.

म्हणून माझे मागणे फार नाही. महिन्यातून एक-दोन संध्याकाळी सभागृह गाण्यासाठी राखून ठेवावे, आणि शेवटच्या रांगेचे तिकीट चहा-भज्यांच्या पैशांत मिळावे. पहिल्या रांगेची काळजी करण्याचे कारण नाही. ती निमंत्रणपत्रिकांनी भरतेच. गावाला गाणे किती कळते, हे शेवटच्या रांगेकडे पाहून समजते. तिथे कन्नडमध्ये “भले” आणि उर्दूत “वाह” एकाच समेवर उमटले, की सात रस्त्यांचे एकवचन बरोबर आहे असे खुशाल समजावे.