सीमाभागातील बोलणे आणि वर्गातील भाषा

नांदेड

प्रिय गुरुजी,


सन २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवली जात असताना दहावीच्या विद्यार्थ्याला त्या भाषेत चार वाक्ये सलग का बोलता येत नाहीत, हा आपल्या पत्रातील प्रश्न मोलाचा आहे आणि त्याचे निम्मे उत्तर आपल्या शाळेच्या कुंपणाबाहेरच आहे.

देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांना तेलुगूचा, तर उदगीर, देवणी, निलंगा या तालुक्यांना कन्नडचा शेजार लाभला आहे. देगलूरकडच्या आठवडी बाजारात आईशेजारी भाजी मांडून बसलेला मुलगा ‘एंता?’ असा प्रश्न ऐकतो, गिऱ्हाइकाचे बोट कोणत्या ढिगाकडे आहे ते पाहतो, तेलुगूत भाव सांगतो, आणि आकडा चुकला तर गिऱ्हाईकच तो दुरुस्त करून देते. अर्थपूर्ण व्यवहारातून नकळत होणाऱ्या या प्रक्रियेला भाषासंपादन म्हणतात. वर्गात मात्र व्याकरण-भाषांतर पद्धती चालते, म्हणजे नियम पाठ करून घेतले जातात आणि धड्याचे मराठीत रूपांतर करून दिले जाते; त्यामुळे विद्यार्थ्याला भाषेविषयी माहिती मिळते, पण ती वापरण्याची गरज कधी पडत नाही.

यावर निमज्जन पद्धतीचा, म्हणजे शिकायच्या भाषेतूनच वर्गाचे सर्व व्यवहार चालवण्याचा, उपाय सुचवला जातो. कॅनडातील सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ साली इंग्रजीभाषक पालकांच्या पुढाकाराने मुलांचा बालवर्ग फ्रेंचमधून सुरू झाला आणि पुढे ती मुले फ्रेंच उत्तम समजू लागली; परंतु त्यांच्या शिक्षकांना मुलांची इंग्रजी कळत होती आणि त्या भाषेची समाजातील प्रतिष्ठा अबाधित होती, हे विसरून चालणार नाही.

मराठवाड्याचा अनुभव याच्या उलट आहे. निजामी राजवटीत माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून होते आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले. अनेक मराठी मुलांनी त्या भाषेवर प्रभुत्व मिळवले हे खरे, पण गणित आणि इतिहासही परक्या भाषेतून शिकण्याचा भार ज्यांना पेलला नाही, त्यांच्यासाठी शिक्षणाची वाटच अरुंद झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी जेथे अध्यापन केले त्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर उमगते. आजही किनवट-माहूरच्या बंजारा तांड्यावरून गोरमाटी बोलत येणारे किंवा गोंडी, कोलामी बोलणारे मूल पहिलीत पाऊल टाकते, तेव्हा मराठी हीच त्याच्यासाठी नवी भाषा असते, आणि कोणी त्याची बोली समजून घेतली नाही तर ते मुकाट बसून राहते. मुलाला पोहायला शिकवणे आणि त्याला पाण्यात लोटून देणे यांतील भेद तो हाच.

म्हणून वर्गात भाषेचे वातावरण हवे, पण त्याला अर्थाचा आधारही हवा. जोडीतील एका विद्यार्थ्याच्या हाती नांदेड-देगलूर एस.टी. गाड्यांचे वेळापत्रक आणि दुसऱ्याच्या हाती रिकामा तक्ता दिला, तर इंग्रजीत विचारल्याशिवाय तक्ता भरत नाही. अशा रचनेला माहिती-अंतराचा उपक्रम म्हणतात, कारण एकाजवळ नसलेली माहिती दुसऱ्याकडून मिळवण्यासाठीच बोलावे लागते. संवाद चालू असताना प्रत्येक चुकीवर बोट ठेवू नये, वारंवार दिसणारी चूक शेवटी फळ्यावर घ्यावी, आणि अडलेल्या मुलाला मराठीत किंवा त्याच्या बोलीत एक वाक्य बोलण्याची मुभा द्यावी. साठ मुलांच्या वर्गात हे रोज जमणार नाही, तरी तासातील दहा मिनिटे त्यासाठी राखून ठेवता येतील.

बाजारात दोन भाषा सहज वापरणाऱ्या मुलाला भाषा येत नाही असा शेरा मारण्यापूर्वी शाळेने त्याला बोलण्याचे कारण दिले होते का, हे तपासावे. ते कारण देणे शिक्षकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी इमारत, यंत्र वा अनुदान यांची वाट पाहावी लागत नाही.



आपला स्नेहांकित