दंडू

कन्नडमधून मराठीत अनुवाद करताना ‘दंडू’ या शब्दापाशी मी दर वेळी थांबते. दंडू म्हणजे सैन्य. पण बेंगळुरूत दंडू म्हणजे इंग्रजांनी १८०९ साली जुन्या पेठेच्या पूर्वेला वसवलेलं कॅन्टोन्मेंट. ‘छावणी’ लिहिलं तर वाचकाला तंबू दिसतील, आणि तंबू कधीतरी उठतात. दंडू उठला नाही. पलटणींमागून मद्रासकडची तमिळ बोलणारी कुटुंबं आली, बाजार भरले, देवळं, मशिदी, चर्च उभी राहिली. पेठेत म्हैसूरच्या राजाचा अंमल, दंडूत इंग्रजांचा. एका शहराची दोन शहरं १९४९ साली एका महापालिकेखाली आली. साउथ परेडचा महात्मा गांधी रोड झाला, कॅव्हलरी रोडचा कामराज रोड, ब्लॅकपल्लीचं शिवाजीनगर. मराठी वाचक या शेवटच्या नावावर सुखावतो. पण त्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांच्या तोंडची तमिळ आणि दखनी त्याला त्या नावातून ऐकू येत नाही.

पुणेकर कॅम्पला ‘लष्कर’ म्हणतात. अर्थाने तो शब्द चपखल बसतो: सैन्यही तोच, वस्तीही तीच. तरी मी तो घेत नाही, कारण त्याने बेंगळुरूचं पुणं होतं. मी ‘दंडू’ तसाच ठेवते. रस्त्यांची नावं सरकारने बदलली. कॅन्टोन्मेंट स्टेशन कन्नडमध्ये अजून दंडूच आहे. माझं भाड्याचं घर तिथून जवळ आहे. ‘दंडूत राहते’ असं सांगताना सैन्य माझ्या मनातही येत नाही. शब्दातून सैन्य गेलं, माणसं राहिली. अनुवादात ती हरवू नयेत, एवढीच धडपड.