सागराच्या पोटांतील शब्द

शब्द उत्पन्न झाल्यावर आपल्या कानापर्यंत कसा पोंचतो, ह्या प्रश्नाचें उत्तर नैयायिकांनीं दोन दृष्टांतांनीं दिलें आहे. एक वीचीतरंगन्याय : पाण्यांत खडा टाकला असतां एका लाटेपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी उत्पन्न व्हावी, त्याप्रमाणें शब्दापासून शब्द उत्पन्न होत तो कानाशीं येतो. दुसरा कदंबमुकुलन्याय : कदंबाच्या गोल कळीवर चहूंकडे एकदम केसर फुटावेत, तसा तो दशदिशांस एकाच वेळीं पसरतो. तर्कसंग्रह वाचण्याच्या वयांत आम्हांस दुसरा दृष्टांत अधिक आवडे. मात्र खुद्द पाण्याच्या पोटांत शब्द झाला तर त्याची गति काय, ह्याची चर्चा पाठांत कधीं निघाली नाहीं; शब्द हा आकाशाचा गुण ठरल्यावर पाण्याकडे पाहण्याचें कारणच उरत नाहीं. पूर्वजांस आजचें सर्व शास्त्र ठाऊक होतें असें म्हणण्याची हल्लीं पुष्कळांस हौस असते. ती आम्हांस नाहीं. दृष्टांत सुंदर आहेत, एवढें पुरे.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वळविलें तें आमच्या पुतण्यानें. समुद्रांत ध्वनि कोणत्या वाटेनें जाईल, ह्याचें गणित संगणकावर मांडण्याची त्याची नोकरी. गेल्या दिवाळींत तो आला असतां बोलतांना दोनदां 'सोनार' म्हणाला, तेव्हां स्वयंपाकघरांतून प्रश्न आला, "अरे, तुझ्या कचेरींत सोनाराचें काय काम?" "काकू, हा दागिने घडवीत नाहीं. पाण्यांत हांक मारून प्रतिध्वनि ऐकणारें हें यंत्र आहे," असें सांगून त्यानें आम्हां दोघांस समोर बसविलें व वहींत रेघा काढून जें समजावलें, तें वाचकांसही सांगावेंसें वाटतें.

पाण्यांतील ध्वनीचा वेग नीट मोजला गेला तो १८२६ सालीं, जिनीव्हा सरोवरावर. कोलाडों हा पदार्थविज्ञानी आणि स्टुर्म हा गणिती. एका नावेवरून पाण्यांत बुडविलेल्या घंटेवर ठोका पडे व त्याच क्षणीं बंदुकीच्या दारूचा भडका उडे. सुमारें साडेतेरा किलोमीटर दूर दुसऱ्या नावेंत कोलाडों पाण्यांत कर्णा घालून बसलेला. भडका दिसल्यापासून घंटा ऐकूं येईपर्यंतचा काळ मोजून वेग निघाला सेकंदास १,४३५ मीटर. हवेंतील वेग सुमारें ३४० मीटर. म्हणजे पाणी चौपटीहून अधिक चपळ. समुद्रांत हा आंकडा १,५०० च्या आसपास असतो.

आसपास म्हणण्याचें कारण असें कीं समुद्र सर्वत्र सारखा नाहीं, आणि खरी गंमत येथेंच आहे. पाणी एक अंशानें तापलें कीं वेग सुमारें ३ मीटरांनीं वाढतो. शंभर मीटर खोल उतरलें तर दाबामुळें दीड मीटराहून थोडा अधिक वाढतो. खारटपणानेंही थोडा वाढतो. आतां वरून खालीं चला. प्रथम थंडी वाढत जाते, म्हणून वेग घटतो. पुढें थंडी जवळजवळ स्थिर होते, पण दाब वाढतच असतो, म्हणून वेग पुन्हा चढतो. मधें कोठेंतरी, समशीतोष्ण समुद्रांत साधारण एक हजार मीटरांवर, वेग सर्वांत कमी असतो. आणि ध्वनि नेहमीं मंद वेगाच्या बाजूस वळतो. गाडीचा एक बैल रेंगाळला कीं गाडी त्याच्याच अंगास वळते, तसें हें आहे. वर जाऊं पाहणारा ध्वनि खालीं वळतो, खालीं जाऊं पाहणारा वर वळतो, आणि त्या मधल्या थराच्या दोन्ही अंगांस हेलकावे घेत, ना पृष्ठभागास आपटत ना तळास, तो दूर दूर जातो.

येथें आमचा कदंब अपुरा पडतो. सर्व दिशांस फुलणारा ध्वनि दहापट अंतरावर शतांश उरतो. परंतु ह्या थरांत सांपडलेला केवळ आडवा पसरतो, म्हणून तितक्याच अंतरावर दशांश उरतो. मॉरिस यूइंग ह्यानें १९४४ सालीं हें अटलांटिकांत स्फोट करून दाखविलें. पुढें रशियन शास्त्रज्ञ ब्रेखोव्स्किख ह्यासही तें स्वतंत्रपणें आढळलें. १९६० सालीं ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहराजवळ समुद्रांत केलेले स्फोट बर्म्यूडा बेटाजवळ, म्हणजे सुमारें २०,००० किलोमीटरांवर, ऐकूं आले. शब्दास तेथें जाण्यास पावणेचार तासांच्या आंतबाहेर वेळ लागला. तितक्या वेळांत आमची गाडी पुण्याहून मुंबईस जाते, तीही वेळेवर असली तर.

मात्र जो नियम ध्वनीस इतका दूर नेतो, तोच त्यास जवळच्या ठिकाणींही पोंचूं देत नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकन नौदल क्यूबाच्या ग्वांतानामो उपसागरांत पाणबुड्या शोधण्याचा सराव करीत असे. सकाळीं यंत्र उत्तम चाले. दुपारीं तेंच यंत्र, तींच माणसें, आणि पाणबुडी सांपडेना. जेवणानंतर मंडळी पेंगतात, अशी पहिली शंका आली. ती कशी येते हें आम्हां शिक्षकांस सांगावयास नको. आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें पत्र्याच्या छपराचा एक वर्ग होता. पावसाळ्यांत मागच्या बांकांवरील मुलें उत्तरें देत नसत, आणि एक शिक्षक त्यांस 'लक्ष नाहीं' म्हणून तासभर उभीं करीत. आम्ही बांकांमधून फिरून शिकवीत असूं. तींच मुलें घडाघडा उत्तरें देत. मुलांचें लक्ष असे. शब्द त्यांच्यापर्यंत जात नसे.

ग्वांतानामोचें कोडें वुड्स होल येथील समुद्रशास्त्रज्ञांनीं उकललें. दुपारच्या उन्हानें पाण्याचा वरचा थर तापतो, त्यांतील वेग वाढतो, आणि जहाजावरून सोडलेला ध्वनि खालीं झुकून निघून जातो. पुढें पाण्यांत जणूं सावली पडते. पाणबुडी त्या सावलींत स्वस्थ उभी राहिली, तर वरच्याच्या कानीं कांहीं येत नाहीं. पाण्यांत सोडतांच खोलीगणिक उष्णता टिपून घेणारें एक उपकरण स्पिलहाउस ह्यानें १९३७-३८ च्या सुमारास सिद्ध केलें, तेव्हांपासून ही सावली अगोदर हिशेबानें काढतां येऊं लागली.

पुतण्याचें काम तें हेंच. ह्या हिशेबाच्या मांडणीस तो 'मॉडेल' म्हणतो, आम्ही प्रतिमान म्हणतों. पाण्याचे थर पाडावयाचे, प्रत्येकाचा वेग लिहावयाचा, आणि एकेक ध्वनिकिरण कोठें किती वळेल तें पायरीपायरीनें काढावयाचें. ह्या कामीं वॉल्टर मंक ह्यानें १९७४ सालीं दिलेली खोली व वेग ह्यांची नमुनेदार वक्ररेषा अजून गिरविली जाते. खर्जांतील स्वरांच्या लाटा इतक्या लांब असतात कीं त्यांस किरण म्हणून भागत नाहीं. तेथें तरंगाचें समीकरणच सोडवीत पुढें सरकावें लागतें, व त्याची सोपी रीत टॅपर्टनें त्याच सुमारास समुद्रास लागू केली. शिवाय तळ चिखलाचा कीं खडकाचा, वर लाटा किती, हेंही धरावें लागतें. उंच स्वर तर समुद्रांतले क्षारच गिळतात, आणि ते क्षार कोणते म्हणाल तर मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे घरोघरचें जुलाबाचें मीठ, आणि बोरिक ॲसिड, जें मुलें कॅरमच्या पाटावर टाकतात तें. हें ऐकून घरांत बरीच करमणूक झाली.

परंतु हा विषय करमणुकीचा नव्हे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं दीवनजीक आपली 'खुकरी' बुडाली. पाणबुडीच्या शोधार्थ पाठविलेली ती युद्धनौका 'हंगोर' ह्या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीरास बळी पडली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. एकंदर १९४ जण गेले. कोण कोणास आधीं ऐकतो, ह्यावर तेथें जीव अवलंबून असतो. नौदलाच्या संशोधनासाठीं कोचीच्या प्रयोगशाळेनें 'सागरध्वनि' नांवाचें जहाज राबविलें. तें १९९४ सालीं नौदलांत दाखल झालें. नांव ठेवणारास संस्कृत येत असावें.

आमच्या अरबी समुद्राचें तर दर ऋतूस निराळें रूप. चैत्र-वैशाखांत वरचा थर तापून पातळ होतो, आषाढांतले वारे त्यास घुसळून थंड व जाड करतात. म्हणून एका ऋतूंतलें गणित दुसऱ्या ऋतूंत चालत नाहीं. "मग सावलींतल्याचें ऐकावयाचें कसें?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "काका, ओरडून उपयोग नाहीं. कान दोरानें त्या थराच्या खालीं सोडावा लागतो." पाण्याची उष्णता मोजणारी शलाका केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेनें सोडतात, मोजणी संपली कीं तार तुटते व शलाका तळास जाते. तशा शलाका घेऊन तो आतां पावसाळ्यापूर्वींच्या मोजणीस जहाजावर गेला आहे, आणि तेथून फोन लागत नसल्यामुळें त्याची काकू रोज संध्याकाळीं आम्हांस विचारते, तिकडे पाणी आज किती तापलें असेल.