दोन आसनांची मोटार

आमच्या घरी आजमितीस नऊ माणसांची पंगत बसते. सणावारी ती पंधरावर जाते. अशा घरातील मुलाने परदेशात मोटार घ्यावी आणि तिला आसने असावीत दोनच, ही वार्ता ऐकून आमच्या मातोश्रींनी पहिला प्रश्न केला तो असा की, "मग बाकीच्यांनी बसायचे कुठे?" मुलगा फोनवर हसून म्हणाला, "आजी, ही खेळाची मोटार आहे." त्यावर मातोश्री उत्तरल्या, "खेळायचे वय गेले रे तुझे." आमचेही मत याहून निराळे नव्हते. परंतु मुलगा सदतिशीला आला म्हणजे कोणते मत मनात ठेवावे आणि कोणते बोलून दाखवावे, याचा बापास विवेक करावा लागतो. म्हणून आम्ही गप्प राहिलो.

इंग्रजीत जिला स्पोर्ट्स कार म्हणतात तिला आम्ही आमच्या पंतोजी स्वभावास अनुसरून ‘क्रीडारथ’ असे नाव देऊन टाकले. मुलाचा क्रीडारथ जपानातील माझदा कंपनीचा, एमएक्स-५ नावाचा. ही जात १९८९ साली प्रथम बाजारात आली आणि २०१६ सालापर्यंत तिच्या दहा लाख मोटारी तयार झाल्या. दोन आसनांच्या क्रीडारथांत इतका खप दुसऱ्या कोणत्याही जातीचा झालेला नाही. छत कापडी, हवे तेव्हा मागे घडी होणारे. वजन सुमारे ११०० किलो. यंत्र पुढे, परंतु त्याचे बळ मागच्या चाकांना. आत बसले म्हणजे रस्त्यालगत पाट मांडून बसल्यासारखे वाटते. मुलाने ती दहा वर्षांची जुनी घेतली होती. तेव्हा श्रीमंतीचा थाट त्यात नव्हता, होती ती नुसती हौस.

पण हौसेलाही ऋतू असतो. मुलगा जर्मनीत म्यूनिक येथे नोकरीस आहे. ते शहर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांहून अधिक उंच, आणि दक्षिणेस आल्प्स पर्वताची रांग. तिकडील क्रीडारथांचे पुष्कळ मालक हिवाळ्यात मोटार झाकून ठेवतात. त्यासाठी १९९७ सालापासून तेथे एक निराळी नंबरपाटी मिळते. पाटीच्या उजव्या कडेला दोन महिन्यांचे आकडे एकाखाली एक घातलेले असतात. ते ४ आणि १० असतील तर ती मोटार एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर यावयाची. कर आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा, आणि इतर महिन्यांत सार्वजनिक रस्त्यावर ती नुसती उभीसुद्धा करावयाची नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढल्यामुळे आम्हांस ही व्यवस्था फार पसंत पडली. मुलाच्या पाटीवर मात्र असे आकडे नव्हते. तो बारा महिने तीच मोटार चालवितो, हे आम्हांस २०२३ च्या ऑक्टोबरात सौ.सह तेथे गेल्यावर कळले. दोन आसने हा एक अविचार. त्यात बर्फ हा दुसरा, असे आमच्या मनाने घेतले.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. जुन्या अकरावीचे मॅट्रिक होऊन आणि पाठशाळेत संस्कृत शिकून आम्ही छत्तीस वर्षे मास्तरकी केली. हिम, तुहिन, तुषार, प्रालेय, नीहार हे शब्द अमरकोशावरून स्वतः पाठ केले आणि मुलांकडून करवून घेतले, ते समानार्थी म्हणून. यांपैकी बर्फाशी आमची दृष्टभेट कधी झालेली नव्हती. आमचे आसगाव भंडारा जिल्ह्याच्या चौरास भागात. येथील हिवाळा म्हणजे पहाटे धानाच्या बांध्यांवर उतरणारे धुके आणि अंगणातील शेकोटी. नोव्हेंबरअखेरीस म्यूनिकमध्ये बर्फ पडू लागला, तेव्हा आम्ही खिडकीशी उभे राहून सूनबाईंस हे सारे शब्द म्हणून दाखविले. मुलगा म्हणाला, "बाबा, रस्त्यावर हे समानार्थी नाहीत." ताजा, भुसभुशीत बर्फ निराळा, चाकांखाली दबून काचेसारखा झालेला निराळा, मीठ टाकल्यावर त्याचा राखाडी चिखल होतो तो निराळा, आणि सर्वांत घातकी तो, जो दिसतच नाही, ओल्या डांबरासारखा काळा भासतो. पुलांवर हा आधी धरतो, कारण पुलास खालूनही गार वारा लागतो, इतर रस्त्यास भुईची थोडी ऊब असते. आमच्या छत्तीस वर्षांच्या अध्यापनात हा भेद आला नव्हता.

टायरांचीही अशीच गोष्ट. आम्हांस वाटे, टायर तो टायर. परंतु उन्हाळी टायरांचे रबर हवा सात अंशांखाली गेली की कडक होऊ लागते आणि रस्त्यास धरीत नाही. हिवाळी टायरांचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात. त्या बर्फास चावा घेतात. ऑक्टोबर ते ईस्टर असा त्यांचा मोसम तिकडे लोक तोंडी सांगतात. रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असता असे टायर नसतील तर तेथे दंड होतो. आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून तर तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह असलेलेच टायर त्या कामी चालतात. कायद्यास खाच दीड मिलिमीटरहून किंचित अधिक असली तरी पुरते, पण मुलगा चार मिलिमीटरांखाली गेलेला टायर हिवाळ्यात वापरीत नाही. टायर बदलावयास तो आम्हांस घेऊन गेला आणि खाचेत नाणे उभे धरून ती मापून दाखविली. बैलास नाल ठोकण्यापूर्वी आमचे थोरले काका त्याचा खूर असाच हातात घेऊन पाहत, हे त्या वेळी मनात आले. पण बोललो नाही.

मोटारीत एका वेळी एकच पाहुणा बसणार, त्यामुळे भाजी आणावयास सौ. जात आणि देवळात आम्ही. दोघांना मिळून कोठे जावयाचे तर ट्राम. सकाळी काचांवरचे गोठलेले दव मुलगा खरडून काढी. सौ. वरून हाक मारीत, "अरे, आधी यंत्र सुरू कर, आपोआप वितळेल." तो सांगे, उगाच यंत्र चालू ठेवून उभे राहणे येथे कायद्याने मना आहे. काचेस वाटीएवढे भोक पाडून त्यातून पाहत चालविणेही मना. जर्मन लोकांच्या नियमप्रेमास आम्ही आधी हसलो. पुढे हसू आले नाही.

१ डिसेंबरच्या रात्री बर्फ सुरू झाला तो थांबेना. २ तारखेस, शनिवारी, शहरात ४० सेंटिमीटरांहून अधिक थर साचला. डिसेंबरात इतका तेथे पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. विमानतळ बंद, मुख्य स्थानकावरील आगगाड्या बंद, ट्रामा जागच्या जागी. खाली मुलाची मोटार उभी होती तेथे नुसता एक पांढरा उंचवटा दिसत होता. आणि त्याच दुपारी आमच्या धाकट्या बंधूंचा आसगावाहून फोन आला की, मातोश्रींस रात्री श्वास लागला, नागपुरास रुग्णालयात हलविले आहे, प्राणवायू लावला आहे, तुम्ही निघता येईल तर निघा.

म्यूनिकचा विमानतळ रविवारी पहाटेपर्यंत बंद होता आणि त्यापुढेही कोणते विमान सुटेल याची शाश्वती नव्हती. फ्रँकफुर्टहून रविवारी रात्रीच्या विमानात जागा मिळाली. फ्रँकफुर्ट सुमारे ४०० किलोमीटर. दोन आसने. सौ. क्षणभर थांबून म्हणाल्या, "तुम्ही जा. आई तुमच्या आहेत." त्या मातोश्रींच्या हाताखाली ४० वर्षे राहिल्या आहेत, या वाक्यास त्यांस काय पडले असेल ते त्यांनी आम्हांस अद्याप सांगितलेले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही मुलावर चिडलो, हे लपविण्यात अर्थ नाही. म्हटले, चार जणांची शहाणी मोटार असती तर तुझी आईही आली असती. तो काही बोलला नाही. वास्तविक त्याने स्वतःच सांगितले की, ही मोटार इतकी ठेंगणी आहे की वीतभर ताज्या बर्फातही ती पोटाने अडेल. मुख्य रस्ते साफ होईपर्यंत निघणे शक्य नाही. रविवारी पहाटे तो फावडे घेऊन उतरला. शेजारचा एक वृद्ध जर्मन गृहस्थ न बोलावता आपले फावडे घेऊन आला. मोठ्या रस्त्यापर्यंत तीस-चाळीस पावलांची वाट दोघांनी दोन तासांत मोकळी केली. आम्ही मोटारीच्या छतावरचा बर्फ केरसुणीने झाडला. फावडे लावले तर कापड फाटते.

निघताना त्याने पहिला गिअर टाकलाच नाही, दुसऱ्यात टाकून हलकेच सोडली, म्हणजे मागची चाके जागच्या जागी फिरत नाहीत. तरी गल्लीच्या वळणावर मोटारीचा मागचा भाग सरकला. आमचे पाय आपोआप पुढे दाबले गेले, जणू ब्रेक आमच्याकडे होता. त्याने ब्रेकास पाय लावला नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, शेपूट ज्या बाजूस चालले होते त्याच बाजूस स्टिअरिंग थोडे वळविले, आणि मोटार सरळ झाली. हे सारे इतक्या मऊ हाताने झाले की भीती वाटावयास वेळ मिळाला नाही. ती नंतर वाटली.

महामार्गावर नांगर फिरून गेले होते, मीठ पडले होते. त्या मिठाने मोटारीचा पत्रा गंजतो, आणि कडाक्याची थंडी पडली म्हणजे ते फारसे चालतही नाही, असे तो सांगत होता. ज्या मोटारीची जाहिरात वेगासाठी होते ती आमच्या मुलाने पहिले दोन तास बैलगाडीच्या संयमाने चालविली. पुढच्या मालमोटारीपासून अंतर एवढे ठेवी की मध्ये दुसरा कोणी घुसे, मग तो आणखी मागे राही. पूल आला की बोलणे थांबवी. काचेवर आतून वाफ धरत होती, ती रुमालाने पुसण्याचे काम आमच्याकडे होते.

वाचकांनी आपल्या घरी हिशेब करून पाहावा. एकत्र कुटुंबात बाप आणि मुलगा शेजारी शेजारी, तिसऱ्यावाचून, सहा-सात तास कधी बसतात? आम्ही तर त्या दिवसापूर्वी कधीच बसलो नव्हतो. डॅन्यूब नदी मागे पडली, बर्फ विरळ झाला, तेव्हा आम्ही विचारले, "हे असे चालवायला कोणी शिकविले तुला?"

तो म्हणाला, "मोठ्या आजोबांनी."

मोठे आजोबा म्हणजे आमचे थोरले काका. त्यांस शंकरपटाचा भारी नाद. सुगीनंतर हिवाळ्यात आमच्या भागात बैलजोड्यांच्या या शर्यती भरतात आणि रात्री मंडपात झाडीपट्टीची नाटके होतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने पट बंद केले होते. २०२१ च्या डिसेंबरात ते पुन्हा सुरू झाले. काकांची पटाची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. १९९६ साली, मुलगा दहा वर्षांचा असता, काकांनी त्यास हलक्या छकड्यात घालून पटाच्या मैदानाकडे नेले. वाटेत नाल्याचा ओला गाळ होता. तेथे त्यांनी कासरा मुलाच्या हाती दिला आणि सांगितले, ओढू नको, मारू नको, बैलांना आपले पाय कळतात, तू हात मऊ ठेव. "बर्फ पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो गाळच आठवला," मुलगा म्हणाला.

त्या दिवसाचे पुढचे आम्हांस ठाऊक होते. अभ्यास टाकून पोर पटाला गेले म्हणून आम्ही शोधीत मैदानावर गेलो आणि छकड्यातून उतरवून, दोन-तीनशे माणसांदेखत, त्याच्या मुस्काटात दिली. काका नुसते पाहत राहिले. पुढे त्यांनी त्यास कधी छकड्यात घेतले नाही. मुलगा ते विसरला असेल अशी आमची २७ वर्षे समजूत होती. मोटारीत त्याने त्या माराचा उच्चार केला नाही. आणि आम्हांसही, जे म्हणावयाचे होते ते म्हणता आले नाही. थोड्या वेळाने आम्ही एवढेच विचारले, "तुझ्या हातमोज्यांस भोक पडले आहे, नवे का घेत नाहीस?" तो म्हणाला, "घेईन."

दुपारी अडीचच्या सुमारास त्याने आम्हांस विमानतळावर सोडले आणि अंधार पडून रस्ता पुन्हा गोठण्यापूर्वी जेवढे अंतर कापता येईल तेवढे कापावे म्हणून चहासुद्धा न घेता परत फिरला. रात्री तो पोहोचल्याचा निरोप विमान सुटण्यापूर्वी आम्हांस मिळाला.

मातोश्री त्या दुखण्यातून उठल्या. नवव्या दिवशी त्यांस घरी आणले तेव्हा अंगणात धानाची पोती रचलेली होती. खाटेवर टेकून त्यांनी विचारले, "एवढा रस्ता तुम्ही दोघेच आलात? काय बोललात रे?" आम्ही सांगितले, "थोरल्या काकांविषयी." त्या बराच वेळ आमच्याकडे पाहत होत्या. त्या दिवशी पटावर काय झाले ते त्यांसही माहीत होते.

गेल्या महिन्यात मुलाचे पत्र आले. सूनबाईंस दिवस गेले आहेत. तेव्हा दोन आसनांत कसे भागणार, मोटार विकून चार-पाच जणांची घ्यावी असे दोघांचे चालले आहे, तुमचे मत काय, असे त्याने विचारले आहे. मातोश्री म्हणतात, शेवटी शहाणपण सुचले. सौ. म्हणतात, विकू नये. आम्ही उत्तर लिहावयास दोनदा बसलो. ते अद्याप पुरे झालेले नाही.