बुरूज बांधण्यापूर्वी

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. जो घेत नाही त्याचा पाया तेवढा घातला जातो, काम अर्धवट राहते आणि येणारेजाणारे त्याला हसतात. शिष्यत्वाची किंमत समजावी म्हणून प्रभूने हा दाखला दिला आणि वेदीवरून आम्ही तो त्याच अर्थाने उलगडत आलो. परंतु सुताराच्या घरी वाढलेल्या येशूला अर्धवट बांधकामाचे दुःख ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे? आज आमच्या वसईत हा दाखला शब्दशः खरा होताना दिसतो. गवत माजलेले जोते, गंजलेल्या सळया आणि जवळच भाड्याच्या खोलीत दिवस काढणारे त्याच जमिनीचे मालक, हे चित्र आपल्याला आता अनोळखी राहिलेले नाही.

१९९० साली वसई-विरार परिसराच्या नियोजनासाठी सिडकोची नेमणूक झाली आणि २००९ साली येथे महानगरपालिका आली. या काळात केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांतून इमारती उभ्या राहिल्या. वाडी राखावी की तिथे बांधावे, हा वाद आज आम्ही येथे मांडत नाही. वाढत्या कुटुंबाला छप्पर हवेच, आणि तो निर्णय प्रत्येक कुटुंबाने परमेश्वरासमोर घ्यावयाचा आहे. ज्यांनी बांधावयाचे ठरविले आहे आणि ज्यांच्या घराण्यात यापूर्वी कुणीही इमारत बांधलेली नाही, त्यांच्याशी आम्हांस बोलावयाचे आहे. अशी कुटुंबे हाती कागदांची पिशवी घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात आणि म्हणतात, “फादर, जरा बघता का?” आम्ही वकील नव्हे, अभियंतेही नव्हे. मात्र या कुटुंबांचे विवाह आम्ही लावले, त्यांच्या वडिलांना मूठमाती दिली. त्यामुळे कागदावर कोणाचे नाव नाही, हे आमच्या चटकन ध्यानात येते.

बहुधा ते नाव बहिणीचे असते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर एकतृतीयांश वाटा त्याच्या विधवेचा आणि उरलेला दोनतृतीयांश मुलांचा असतो. त्यात मुलगा-मुलगी असा भेद कायद्याने ठेवलेला नाही. असे असताना, “तिच्या लग्नात आम्ही खर्च केला” एवढ्या बळावर भाऊ करार करून मोकळे होतात. पुढे इमारत तिसऱ्या मजल्यावर येते, बहिणीच्या मुलांची नोटीस येते आणि काम थांबते. बहिणीला हक्कसोडपत्र द्यावयाचे असेल तर ते तिने समजून, राजीखुशीने द्यावे. हातावर पेढा ठेवून सही घेण्याची रीत न्यायालयात टिको वा न टिको, परमेश्वरापुढे टिकणार नाही. नव्याने बांधणाऱ्याने वास्तुशारदाकडे जाण्याआधी सर्व वारसांना एका ओटीवर बसवावे, हा पहिला धडा होय.

दुसरा धडा जमिनीचा. सात-बाराच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव पाहून आपण निर्धास्त होतो. पण तो उतारा महसुलाची नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. जुने फेरफार, खरेदीखते, कुळाची नोंद, बोजा हे सारे एखाद्या जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावे. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाने दाखवलेली हद्द आणि नकाशावरील हद्द यांत पुष्कळदा अंतर निघते. जागेपर्यंत जाणारा रस्ता कागदोपत्री आहे की शेजाऱ्याच्या भलेपणावर चालला आहे, तेही पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विकास आराखड्यात त्या जमिनीवर आरक्षण आहे किंवा कसे, हे विचारावे. २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवरील ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडल्या गेल्या. तेथे राहणाऱ्या कुटुंबांनी मोजलेले पैसे खरे होते. त्यांच्या घरांचा आधार मात्र खोटा होता. वाळूवर बांधलेल्या घराची कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो; परवानगीवाचून उभी राहिलेली इमारत वाळूवरचीच आहे.

तिसरा धडा सोबत्याविषयी. बहुतेक कुटुंबे जमीन विकासकाच्या हाती देऊन काही सदनिका घेणे पसंत करतात. त्यात गैर काही नाही. पण करारात काय नाही, हे वाचण्याची सवय आपल्याला नाही. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने जुने घर पाडावयास दिले. दरमहा भाडे देण्याचे ठरले होते. ते अकरा महिने आले आणि मग थांबले. घरातील म्हातारी मावशी भाड्याच्या खोलीतच देवाघरी गेली. शेवटपर्यंत ती आम्हांस विचारी, “फादर, माझी खिडकी कुठल्या बाजूला येणार?” भाडे थांबल्यास काय, काम मुदतीत न झाल्यास काय, याविषयी त्या करारात अक्षरही नव्हते. म्हणून सांगतो, करार नोंदणीकृत असावा. त्यात मुदत, दंड, आपल्या सदनिकांचा मजला व क्षेत्रफळ लिहिलेले असावे. भाड्यासाठी बँकेची हमी मागावी. कुलमुखत्यारपत्र देताना त्याच्या मर्यादा ठरवून द्याव्यात. आणि ज्याच्याशी करार करावयाचा त्याने पूर्वी बांधलेल्या इमारतीत एखाद्या पावसाळी संध्याकाळी जावे, तेथील रहिवाशांशी बोलावे. भोगवटा दाखला मिळाला का, गच्ची गळते का, हे ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे सांगतील.

काही भावंडे स्वतःच बांधावयास निघतात. त्यांचे धाडस आम्हांस आवडते. मात्र दाखल्यातील हिशेब त्यांनाच अधिक लागू आहे. सिमेंट, सळई आणि मजुरी यांचा अंदाज सारेच करतात. वेळेची किंमत कुणी धरत नाही. बारा टक्के व्याजाने ५० लाख रुपये काढले तर महिन्याला ५० हजार रुपये व्याज होते. काम सहा महिने लांबले की ३ लाख रुपये हवेत जातात, आणि त्यांतून भिंतीची एक वीटही उभी राहत नाही. म्हणून मातीचे परीक्षण आधी करावे, अंदाजाचा निदान दहावा हिस्सा अकल्पित खर्चासाठी बाजूला ठेवावा, आणि कंत्राटदाराला पाया, जोते, स्लॅब अशा टप्प्यांनी, काम तपासूनच पैसे द्यावेत. स्लॅब पडताना वाड्यातील मुकादमाच्या भरवशावर न राहता अभियंत्याला साइटवर उभे करावे.

विकावयाच्या सदनिकांबाबत २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात, नीट समजून घ्यावा. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांपर्यंत असेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर या कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही. एरवी नोंदणीपूर्वी जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या बांधकामावर व जमिनीवर खर्च करावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो दूर करून द्यावा लागतो. हे नियम जाचक वाटतात खरे. पण आगाऊ पैसे देणारा माणूस कोण असतो? लोकलने उभ्याने प्रवास करून, पत्नीचे दागिने गहाण ठेवून त्याने ती रक्कम जमविलेली असते. ती आपल्या लग्नकार्यात वापरणे म्हणजे सातव्या आज्ञेचा भंग होय, मग नोंदणीतून सूट असो वा नसो.

अखेरचा धडा पाण्याचा. आपल्या पूर्वजांनी वाड्यांतून बावखले खणली. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे, मुरे आणि विहिरींना वर्षभर पुरे. बावखल बुजवले की दोन खोल्यांची जागा मिळते, पण शेजारच्या दहा विहिरी खाऱ्या होण्याचा धोका ओढवतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडाले, नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या. पाण्याची वाट अडवली की ते दुसऱ्याच्या दारात शिरते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले. नकाशा काढतानाच बावखल, नैसर्गिक नाला आणि विहीर यांवर खूण करावी आणि उरलेल्या जागेत इमारत बसवावी. शेजारी आपल्या प्रकल्पात भागीदार नसतो, पण त्याचे नुकसान मात्र आपल्या हिशेबात धरावयाचे असते.

वाचकहो, नव्या इमारतीवर तीर्थ शिंपडण्यासाठी आपण आम्हांस प्रेमाने बोलावता आणि आम्ही आनंदाने येतो. आमची विनंती एवढीच, की आम्हांस थोडे आधी बोलवावे. सहीच्या आदल्या संध्याकाळी रोझरी झाल्यावर आई, भाऊ, सासरहून आलेल्या बहिणी असे सारे कुटुंब बसलेले असावे. करार मोठ्याने वाचला जावा आणि ज्याला शंका आहे त्याला ती न घाबरता विचारता यावी. त्या बैठकीत कुणी एक जरी मान खाली घालून गप्प बसला असेल, तर सही पुढे ढकलावी. सिमेंट महाग होईल, विकासक रागावेल, तरीही थांबावे. त्या घरात पुढे सर्वांना एकमेकांचे तोंड पाहून राहावयाचे आहे.