विमान कधी मिळणार?

फेब्रुवारी 2023 मध्ये एअर इंडियाने 470 विमानं मागवली आणि चर्चा त्या आकड्याचीच झाली. लांब पल्ल्याची त्यात 70च. एअरबस ए-350 चाळीस, बोइंग 787 वीस, बोइंग 777-9 दहा. हिशेबनीस म्हणेल, एकच जात घ्या. सुटे भाग, वैमानिकांचं प्रशिक्षण, सगळं स्वस्त पडतं. खरं आहे. पण त्याच कारखान्यात काम रखडलं तर?

*

रखडतंच. 777-9 बोइंगने 2013 मध्ये जाहीर केलं, 2020 मध्ये देतो म्हणाले. आता 2027 म्हणतात. नव्या इमारतीतल्या फ्लॅटसारखं: माहितीपत्रकावरचं वर्ष वेगळं, ताब्याचं वेगळं. तोवर जुनी विमानं दुरुस्त करत उडवायची.

*

777-9चे पंख मात्र झकास. जवळपास 72 मीटर, पण जमिनीवर टोकं दुमडून 65च्या आत. जुन्या 777च्या जागेत मावतं. एअरबसच्या ए-380ला हे जमलं नाही.

*

ए-350 घेतलं की इंजिन रोल्स-रॉइसचं, 777-9 घेतलं की जनरल इलेक्ट्रिकचं (जीई). निवड फक्त 787ला. रोल्सच्या ट्रेंट 1000 इंजिनाची पाती लवकर झिजली आणि कित्येक कंपन्यांची 787 उभी राहिली. एअर इंडियाची 787 जीईवर उडतात, म्हणून वाचली. विमानाआधी इंजिनाच्या देखभालीचा करार वाचावा, असं माझं मत.

*

एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून पश्चिमेकडची उड्डाणं लांबली, इंधन वाढलं. सप्टेंबरपासून एअर इंडियाचं दिल्ली–वॉशिंग्टन थांबलं. काही 787 नूतनीकरणाला गेली होती, हेही कारण. मुंबईहून अरबी समुद्रावरून निघता येतं. कोणतं विमान पुरेल हे असं शेजारीही ठरवतात.

*

एअर इंडियाचं पहिलं ए-350 डिसेंबर 2023मध्ये आलं. मुळात ते रशियाच्या एरोफ्लोतसाठी बांधलेलं. युक्रेन युद्धाच्या निर्बंधांमुळे तिकडे जाऊ शकलं नाही. त्याआधी, डेल्टा या अमेरिकी कंपनीने कोविडात काढून टाकलेली 777 भाड्याने आणून अमेरिकेच्या फेऱ्या वाढवल्या, मुंबईच्याही. तक्त्यात इंधन, आसनं, पल्ला असे रकाने कितीही असोत, मला पहिला रकाना एकच दिसतो: कधी देता?

*

इंडिगोने एप्रिल 2024मध्ये 30 ए-350 मागवली. पण ती येण्याआधी, जुलै 2025मध्ये मुंबई–ॲमस्टरडॅम सुरू केलं ते नॉर्स या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या बोइंग 787वर.